जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा: कुठला कागद कुठे अडला

१२ सप्टेंबर २०२४

नोंद आजपासून. ऑक्टोबर २०२५ च्या हिवाळी सत्राला जर्मनीत मटेरियल्सच्या एम.एस्सी.ला जायचं आहे. मेकॅनिकलची पदवी २०२३ ची, त्यानंतर कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला नोकरी. एजंट लावणार नाही. सांगलीत ज्यांच्याकडे चौकशी केली त्यांनी फी आधी सांगितली, मी काय शिकले आहे ते विचारलंच नाही. आणि कागद जमवायची धावपळ तशीही मलाच करायची आहे.

आज एकच काम केलं. व्हिसापासून मागे मागे येत यादी केली. व्हिसाच्या अर्जाला लागतं प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचा (वर्षाच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्याचा) दाखला, आरोग्य विमा आणि एपीएस प्रमाणपत्र. प्रवेशाला लागतात गुणपत्रिका, ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा एकत्रित उतारा), आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा आणि बऱ्याच विद्यापीठांत पुन्हा एपीएसच. एपीएसला लागतात पदवीचे सगळे कागद आणि पासपोर्ट. म्हणजे सुरुवात एपीएसपासून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एपीएस हे नवी दिल्लीतल्या जर्मन दूतावासाचं तपासणी केंद्र आहे. आपली पदवी खरी आहे का, हे ते पडताळतं. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी हे प्रमाणपत्र बंधनकारक झालं. फी १८,००० रुपये.

४ ऑक्टोबर २०२४

एपीएसचा ऑनलाइन अर्ज भरायला बसले आणि पहिल्याच रकान्यात थांबले. नाव.

सगळे कागद सतरंजीवर पसरून नावं तपासली. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये फक्त माझं नाव आणि सरनेममध्ये आडनाव. वडिलांचं नाव शेवटच्या पानावर वेगळं. दहावी, बारावी आणि पदवीवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आणि पाचव्या सेमिस्टरच्या गुणपत्रिकेत बाबांच्या नावात इंग्रजी ‘टी’ एकच, बाकी सगळीकडे दोन.

आपल्याकडे यात कुणाला काही वावगं वाटत नाही. कॉलेजचा क्लार्क असो की बँकेचा, आडनाव आधी असो नाहीतर शेवटी, त्याला कळतं. पण पुढे हे कागद ज्यांच्या टेबलावर जाणार आहेत, त्यांना यातलं आडनाव कोणतं ते कळायला काही मार्ग नाही. ते पासपोर्ट बघणार आणि बाकीचे कागद त्याच्याशी ताडून पाहणार. त्यामुळे आज ठरवलं: यापुढे जो जो अर्ज मी भरेन त्यात नाव अक्षर न अक्षर पासपोर्टप्रमाणे. जुने कागद बदलता येणार नाहीत, पण त्यातली स्पेलिंगची चूक दुरुस्त करून घेता येईल आणि क्रमाचा खुलासा प्रतिज्ञापत्राने करता येईल.

अर्ज अर्धवट ठेवला. आधी गुणपत्रिका.

१५ ऑक्टोबर २०२४

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात दुरुस्तीचा अर्ज दिला. मूळ गुणपत्रिका जमा करून घेतली आणि पोच दिली. पोच नीट सांभाळा, त्यावरचा आवक क्रमांक नसेल तर पुढच्या वेळी पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. कॉलेजच्या प्राचार्यांचं शिफारसपत्र हवं होतं, ते आधीच घेऊन गेले म्हणून एक हेलपाटा वाचला. ट्रान्सक्रिप्टचाही अर्ज त्याच खिडकीवर करून टाकला, दोन्हीची चलनं वेगवेगळी भरावी लागली.

११ नोव्हेंबर २०२४

गुणपत्रिका अजून नाही. विधानसभा निवडणूक २० तारखेला आहे, अर्धा विभाग निवडणुकीच्या कामावर. कुणावर राग काढण्यासारखं नाही, पण तुम्ही असं काही करत असाल तर निवडणुका, परीक्षा आणि दिवाळी धरूनच तारखा मोजा.

तोपर्यंत प्रतिज्ञापत्र करून घेतलं. स्टॅम्प पेपर ५०० चा लागला. राज्यात गेल्या महिन्यापासून १०० आणि २०० चे बंद झाले आहेत. नोटरीकडच्या टायपिस्टने नाव बदलल्याचा तयार मसुदा पुढे केला. तो नको. मी नाव बदललेलं नाही. नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र दिलं तर पुढचा माणूस राजपत्र मागणार आणि ते माझ्याकडे नसणार. हवं ते एवढंच: पासपोर्टवरची, गुणपत्रिकांवरची आणि पदवीवरची व्यक्ती एकच आहे, गुणपत्रिकांवरच्या नावातला पहिला शब्द आडनाव, दुसरा माझं नाव, तिसरा वडिलांचं नाव. तीन शब्दांचा हा खुलासा मी हट्टाने घालून घेतला. इंग्रजीतच करा, म्हणजे पुन्हा भाषांतराचा खर्च नाही.

२९ नोव्हेंबर २०२४

दुरुस्त गुणपत्रिका हातात. काउंटरवरच उभं राहून एकेक अक्षर वाचलं, तसं वाचल्याशिवाय तिथून हलू नका.

२ डिसेंबर २०२४

एपीएसचा अर्ज पूर्ण केला, १८,००० भरले, छापील अर्जावर सही करून प्रतींचा गठ्ठा दिल्लीला पाठवला. तिसऱ्या सेमिस्टरला माझा एक विषय राहिला होता. ती नापासाची गुणपत्रिकाही जोडली. ओळखीतले काही जण ती गाळायला सांगत होते. पडताळणीत ती गोष्ट दिसणारच आहे. राहिलेला विषय हा काही गुन्हा नाही, लपवलेला कागद मात्र संशयाला जागा देतो.

१६ जानेवारी २०२५

एपीएस आलं. नाव पासपोर्टप्रमाणे. हा कागद पुढे सगळीकडे लागणार असल्याने त्याची प्रत फोनवर, मेलवर आणि पेन ड्राइव्हवर ठेवली.

दरम्यान १ जानेवारीपासून जर्मनीने व्हिसाचे अर्ज आपल्या ऑनलाइन कॉन्सुलर पोर्टलवर सगळीकडे सुरू केले. जुन्या मार्गदर्शनातला छापील फॉर्म आणि आधी अपॉइंटमेंट हा क्रम आता उलटा झाला आहे: आधी कागद अपलोड, त्यांची प्राथमिक तपासणी, मग अपॉइंटमेंट. गेल्या वर्षी गेलेल्या मित्रमैत्रिणींचा अनुभव जसाच्या तसा वापरू नका.

२० फेब्रुवारी २०२५

विद्यापीठांचे अर्ज सुरू. यावर फार लिहीत नाही, पण एक गोष्ट महत्त्वाची.

जर्मनीत १ हा सर्वांत चांगला ग्रेड, ४ म्हणजे जेमतेम पास. आपला सीजीपीए त्यात बदलताना बव्हेरियन सूत्र वापरतात: जास्तीत जास्त गुणांतून आपले वजा करायचे, त्याला जास्तीत जास्त आणि पासाचे किमान यांतल्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं, एक मिळवायचा. माझे ७.८. पासाचा किमान ग्रेड ४ धरला तर उत्तर २.१ येतं. ५ धरला तर २.३. ज्या अभ्यासक्रमाला २.२ ची अट आहे तिथे एवढ्यावर प्रवेश जाऊ शकतो. माझ्या गुणपत्रिकेवर किमान ग्रेड कुठेच छापलेला नाही. म्हणून विद्यापीठाकडून ग्रेडिंग पद्धतीचं वेगळं पत्र घेतलं आणि प्रत्येक अर्जाला जोडलं. हे पत्र ट्रान्सक्रिप्टबरोबरच मागून घ्या.

काही ठिकाणी थेट अर्ज, काही ठिकाणी युनि-असिस्टमार्फत, म्हणजे अनेक विद्यापीठांचे अर्ज एकत्र घेणाऱ्या संस्थेमार्फत. तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यातली सरकारी विद्यापीठं युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतात, ती यादीतून आधीच काढली.

२८ एप्रिल २०२५

प्रवेश मिळाला. हव्या त्याच अभ्यासक्रमाला, धातूंचं ओतकाम आणि घनीभवन (वितळलेला धातू घट्ट होणं) हे दोन्ही विषय असलेल्या. आईने देवापुढे पेढा ठेवला. बाबांनी पत्र हातात घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, “अगं, यात माझं नाव आडनावाच्या जागी आहे.”

खरंच होतं. अर्जात मी नाव पासपोर्टप्रमाणे भरलेलं. पण प्रवेशपत्र करणाऱ्याने पदवी प्रमाणपत्र पाहून केलेलं दिसतं. पदवीवर शेवटचा शब्द वडिलांचं नाव, त्यांनी तो आडनाव म्हणून घेतला आणि माझं आडनाव पहिल्या नावाच्या जागी. त्यांच्या बाजूने ते साहजिक आहे, त्यांच्याकडे आडनाव शेवटीच असतं. पण या पत्रावर व्हिसा मागितला असता तर पासपोर्टवरच्या माणसाला प्रवेशच मिळालेला नाही असा अर्थ झाला असता.

त्याच रात्री मेल लिहिला. प्रवेश कार्यालयाला असे शेकडो मेल येत असणार, म्हणून लांबण लावली नाही. विषयात अर्जाचा क्रमांक. पत्रावर आता नाव कसं आहे ती एक ओळ, पासपोर्टप्रमाणे कसं हवं ती दुसरी ओळ, व्हिसासाठी दुरुस्त पत्र लागेल ही तिसरी. सोबत पासपोर्टचं पान आणि नोव्हेंबरचं प्रतिज्ञापत्र. तेव्हा तीन शब्दांचा खुलासा घालून घेतला होता तो आता उपयोगी पडला.

१३ मे २०२५

दुरुस्त पत्र आलं. मधल्या काळात मी एकदाच आठवण केली, जुन्याच मेलच्या उत्तरात. नवा मेल केला तर तो दुसऱ्याच कुणाकडे जाऊन पहिल्यापासून सुरू होतो, असं विद्यार्थी कार्यालयातल्या बाईंनी फोनवर सांगितलं.

या दोन आठवड्यांत पुढचं काही करता येत नव्हतं असं नाही. ब्लॉक्ड अकाउंटचा अर्ज भरून ठेवला, त्याला पासपोर्ट पुरतो. पण प्रवेश पक्का होईपर्यंत पैसे पाठवायचे नाहीत असं बाबांचं आणि माझं ठरलं होतं, आणि ते मला आजही बरोबर वाटतं. एवढी रक्कम परत आणायला वेळ लागतो, आणि दोन्ही वेळच्या विनिमयात तोटा आपलाच.

२ जून २०२५

बँकेचा दिवस. इथे सविस्तर लिहिते, कारण याबद्दल मराठीत मला काहीच सापडलं नव्हतं.

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाच्या राहण्याखाण्याचे पैसे आधी भरावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. तिथे पोचल्यावर दर महिन्याला तेवढेच हातात येतात. बाबांनी मुदत ठेव मोडली. मुदतीआधी मोडल्यामुळे व्याज कमी मिळालं, ते खर्चात धरायला हवं.

आमच्या शाखेत परदेशी पैसे पाठवायची सोय नाही, मुख्य शाखेत जावं लागलं. तिथल्या अधिकाऱ्यांनी कागद पाहून सांगितलं, “साहेब, पैसे मुलीच्याच नावाच्या परदेशातल्या खात्यात चाललेत. म्हणजे परदेशात खातं उघडण्याचा कोड लागणार, शिक्षणाचा नाही.”

हा शब्दांचा फरक वाटेल, पण पैशांचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या योजनेत, प्रत्येक रकमेला उद्देशाचा कोड लागतो. शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्याच्या खर्चाचा एस ०३०५. परदेशात खातं उघडण्याचा एस ००२३. एका आर्थिक वर्षात एका पॅनवर १० लाखांपर्यंत टीसीएस (पैसे पाठवतानाच बँक आगाऊ कापून घेते तो कर) नाही (१ एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ७ लाख होती). त्याच्या वरच्या रकमेवर २०२५-२६ मध्ये शिक्षणासाठी ५ टक्के, खातं उघडण्यासारख्या कारणाला २० टक्के. आमची रक्कम साधारण १२ लाख. वरच्या २ लाखांवर एकीकडे १० हजार, दुसरीकडे ४० हजार. टीसीएस नंतर विवरणपत्रात परत मिळतो हे खरं, पण आज ३० हजार जास्तीचे कुठून आणायचे?

अधिकारी अडवणूक करत नव्हते. त्यांच्यापुढे असं प्रकरण पहिल्यांदाच आलं होतं आणि चुकीचा कोड लावला तर जबाब त्यांनाच द्यावा लागणार. त्यांना भांडून नाही, कागद देऊन मदत करायची असं मी ठरवलं.

५ जून २०२५

एका फाइलमध्ये दिलं: दुरुस्त प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंट ही व्हिसाची अट आहे असं सांगणाऱ्या दूतावासाच्या पानाची छापील प्रत, खातं देणाऱ्या कंपनीचं सूचनापत्र (यात पैसे महिन्याच्या राहणीमानासाठीच अडकवले जातात हे स्पष्ट आहे), बाबांचं पॅन, आमच्या नात्याचा पुरावा म्हणून माझा पासपोर्ट. वर बाबांच्या सहीचा अर्ज, की ही रक्कम मुलीच्या परदेशी शिक्षणाच्या खर्चासाठी आहे आणि एस ०३०५ लावावा. अधिकाऱ्यांनी ते मुंबईच्या फॉरेक्स विभागाला पाठवलं.

११ जून २०२५

मुंबईहून मान्यता आली, एस ०३०५. या दिवसांत युरो चढतच होता, त्याचा फटका बसलाच. पण कोड बरोबर लागला.

परदेशी पैसे पाठवायचा फॉर्म ए-२ भरताना आणखी एक चौकट नीट बघा: मधल्या बँकांचा खर्च कोणी द्यायचा. अवर, शा आणि बेन असे पर्याय असतात. अवर निवडला की सगळा खर्च पाठवणारा भरतो आणि रक्कम पूर्ण पोचायला हवी. शामध्ये खर्च दोघांत वाटला जातो, बेनमध्ये तो घेणाऱ्याच्या रकमेतून जातो. आमच्या फॉर्मवर शा आधीच छापलेलं होतं, ते खोडून अवर केलं, बाजूला बाबांची सही. तरीही बाबा म्हणाले, शंभर युरो जास्त पाठव. कंपनीचं सेवा शुल्क आणि ते शंभर धरून पाठवले.

ज्यांचे आईवडील दोघंही पॅनधारक आहेत आणि दोघांचे स्वतःचे पैसे आहेत, त्यांनी रक्कम दोघांच्या खात्यांतून विभागून पाठवण्याचा विचार करावा. १० लाखांची मर्यादा प्रत्येकाची वेगळी असते. आईची ठेव पतसंस्थेत आहे, ती काढून बँकेत आणायला वेळ नव्हता. आणि शैक्षणिक कर्जातून पैसे जात असतील तर या १ एप्रिलपासून टीसीएस लागतच नाही.

१७ जून २०२५

पैसे पोचले, २२ युरो कमी. अवर असूनही वाटेत कुठेतरी कापले गेले. शंभर जास्तीचे होते म्हणून भागलं आणि दाखला निघाला. ते नसते तर २२ युरोंसाठी पुन्हा फॉर्म, पुन्हा मुख्य शाखा आणि दाखला तोपर्यंत अडकलेला. बाबांचा सल्ला इथे ठळक करून ठेवते: थोडे जास्त पाठवा. न वापरलेले परत मिळतात.

२४ जून २०२५

पोर्टलवर अर्ज सादर केला. सगळे कागद फोनने स्कॅन केले होते, ते टाकून दिले आणि दुकानात जाऊन सपाट स्कॅनरवर पुन्हा केले. फोनच्या स्कॅनमध्ये गुणपत्रिकेच्या घडीची सावली आकड्यांवर पडत होती. प्रत्येक फाइलला नाव कागदाचं दिलं.

उद्देशपत्र मी स्वतः लिहिलं. नमुने खूप मिळतात, सगळ्यांत लहानपणापासूनची आवड आणि जर्मनीच्या अभियांत्रिकीची थोरवी असते. मी फाउंड्रीतलं लिहिलं. पंपाच्या केसिंगमध्ये आकुंचनाच्या पोकळ्या येत होत्या, रायझरची (साच्यातला जादा धातूचा साठा) जागा बदलून त्या कमी झाल्या, पण का कमी झाल्या ते नीट सांगता येईना. ते सांगता येण्यासाठी घनीभवनाचं सिम्युलेशन शिकायचं आहे आणि या अभ्यासक्रमात ते दुसऱ्या सत्राला आहे. मी हीच पदवी का घेते आहे, हे वाचणाऱ्याला आधीच्या शिक्षणाशी जोडून दिसायला हवं. ते दुसऱ्याच्या शब्दांत दिसणार नाही.

१ जुलै २०२५

आजपासून जर्मनीने व्हिसा नाकारल्यावर करता येणारा फेरविचाराचा अर्ज जगभर बंद केला. याआधी नकार आला तर राहिलेला कागद जोडून त्याच कार्यालयाकडे पुन्हा दाद मागता यायची, आणि त्याला पैसे पडत नसत. आता दोनच वाटा: नव्याने अर्ज, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. आपल्यासारख्या कुटुंबाला दावा शक्य नाही. म्हणून आज अपलोड केलेला प्रत्येक कागद पुन्हा उघडून वाचला.

वाचताना विम्याची तारीख लक्षात आली. पॉलिसी १ ऑक्टोबरपासून होती, प्रवास सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धरला आहे. तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना तिथला सार्वजनिक विमा मिळतो, पण तो विद्यापीठात नोंदणी झाल्यावर सुरू होतो. विमानातून उतरल्यापासून तोपर्यंतच्या दिवसांना वेगळा प्रवास विमा हवा. तारीख मागे घेऊन पॉलिसी बदलून घेतली, थोडा फरक भरावा लागला.

८ जुलै २०२५

पोर्टलवरून अर्ज परत आला. दोन मुद्दे. पदवीनंतरच्या सुरुवातीच्या महिन्यांचा खुलासा नाही, आणि अनुभवपत्रावर कामाचं स्वरूप नाही.

पहिल्याचं उत्तर सरळ होतं. आजी आजारी होती, मी मिरजेला दवाखान्यात तिच्यापाशी असायची. बायोडेटात ती ओळ टाकली. तिच्यासाठी थांबले होते याची मला कधीच लाज वाटलेली नाही, मग तिथे रिकामी जागा का ठेवायची? दुसऱ्यासाठी फाउंड्रीच्या मालकांकडे गेले. छोटं युनिट, त्यांच्याकडे एचआर वगैरे नाही. मी मुद्दे लिहून नेले: रुजू झाल्याची तारीख, पद, कोणत्या तपासण्या करते. “पोरी, तू लिही, मी वाचून सही करतो,” म्हणाले. लेटरहेड, सही, शिक्का, जीएसटी क्रमांक. विमाही याच वेळी नवा चढवला.

१८ जुलै २०२५

प्राथमिक तपासणी पूर्ण, अपॉइंटमेंट ३० जुलैची, मुंबई.

३० जुलै २०२५

महालक्ष्मी एक्स्प्रेसने आदल्या रात्री निघालो, पावसाचे दिवस म्हणून कागद दोन प्लास्टिक पिशव्यांत. व्हिसा अर्ज केंद्रावर मूळ कागद पाहिले, बोटांचे ठसे घेतले, फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा लागतो तो घेतला. व्हिसा फी ७५ युरो, त्या वेळच्या दराने रुपयांत, शिवाय केंद्राचं सेवा शुल्क. पासपोर्ट ठेवून घेतला.

काउंटरवरच्या मुलीने पदवी आणि पासपोर्ट शेजारी ठेवून नाव विचारलं. प्रतिज्ञापत्र पुढे केलं, तिने वाचलं आणि गठ्ठ्यात लावलं. बाहेर बसलेल्या एका मुलाचं याच कारणाने काम थांबलं होतं. लातूरहून आलेला, सोबत मामा. त्याच्या प्रवेशपत्रावरही वडिलांचं नाव आडनाव झालेलं, आणि ते त्याला इथेच पहिल्यांदा कळलं. त्याला माझ्या मेलचा मजकूर पाठवला. या नोंदी लिहाव्यात असं खरं तर तिथेच पक्कं झालं, म्हणून सुरुवातीपासूनच्या कच्च्या टिपणांतून हे सगळं नीट लिहून काढते आहे.

२० ऑगस्ट २०२५

काही नाही. विचारणा करून उपयोग नसतो, त्याने फाइल पुढे सरकत नाही. या काळात करण्यासारखं एक काम आहे ते केलं: विद्यापीठाला विचारलं की व्हिसा उशिरा आला तर नोंदणीची शेवटची तारीख कोणती, आणि तसं पत्र मिळेल का. पत्र मिळालं, ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत चालेल असं. ते पोर्टलवर जोडलं नाही, जवळ ठेवलं. रात्री झोप लागायला त्याची मदत झाली. तिकीट अजून काढलेलं नाही.

१२ सप्टेंबर २०२५

पासपोर्ट आला. व्हिसा आहे.

आधी आईच्या हातात दिला. मग तिच्याकडून घेऊन तपासला: नावाची स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, कधीपासून कधीपर्यंत वैध. खाली जर्मन निवास कायद्यातलं शिक्षणाचं कलम १६ ब आणि कामाची परवानगी. विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. चूक असेल तर जाण्याआधीच कळवायची असते. चूक नव्हती. तिकीट संध्याकाळी काढलं.

१८ सप्टेंबर २०२५

हातातल्या बॅगेत ठेवायचे: पासपोर्ट, प्रवेशपत्र, एपीएस, ब्लॉक्ड अकाउंटचा दाखला, दोन्ही विम्यांचे कागद, मूळ पदवी आणि गुणपत्रिका, प्रतिज्ञापत्र, घराचा करार. तिथे उतरल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा वेगळा कागद लागतो. तो द्यायला मालक तयार आहे का, हे करार करतानाच विचारून घेतलं आहे. त्यानंतर परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज, तो व्हिसाची मुदत संपायच्या आत.

बाबांकडे ठेवलेलं काम: बँकेकडून टीसीएसचं फॉर्म २७ डी प्रमाणपत्र घ्यायचं आणि कापलेली रक्कम त्यांच्या पॅनच्या २६ एएसमध्ये (कापलेल्या कराच्या उताऱ्यात) दिसते का ते बघायचं. पैसे जून २०२५ मध्ये गेले, त्यामुळे ही रक्कम आत्ताच्या विवरणपत्रात येणार नाही, पुढच्या वर्षीच्या विवरणपत्रात मागायची. फाइलवर तसं मोठ्या अक्षरात लिहून कपाटात ठेवली आहे, पतसंस्थेच्या पासबुकांशेजारी.